जरीपटक्याचा पंक

इंग्रज सत्तेचाळीस साली गेले असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्यांची माझ्या बायकोच्या मामांशी गाठ पडलेली नसावी. माझं लग्न झालं त्याच सुमारास हे मामा लंडनहून परत आले, आणि आमच्या घराण्यावर इंग्रजी अंमल सुरू झाला तो तेव्हापासून. सैन्य नाही, तोफखाना नाही. एक कॅमेरा, एक काळं चामड्याचं जाकीट आणि दीड वर्षाच्या आठवणी एवढ्या सामग्रीवर या एकट्या माणसाने आम्हां सगळ्यांना कितीतरी वर्षं गुलामगिरीत ठेवलं.

मामांची एक मावसबहीण तिकडे नर्स होती. तिच्या आधाराने फोटोग्राफी शिकायला म्हणून मामा गेले. दिवसा एका दुकानात लोकांच्या सहलींचे फोटो धुवायचे आणि संध्याकाळी स्वतःचा कॅमेरा गळ्यात अडकवून गावभर भटकायचं, असा त्यांचा क्रम होता. या भटकंतीत त्यांना पंक भेटले. पंक म्हणजे काय हे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मामांनी समजावल्यावर तर अजिबातच कळेनासं झालं. केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे करायचे, चांगले कपडे मुद्दाम फाडायचे, कानात आणि जमलं तर गालात सेफ्टी पिना खोचायच्या, आणि एखाद्या गुत्त्याच्या तळघरात वाद्यं न येणाऱ्या पोरांनी ती वाद्यं जिवाच्या आकांताने वाजवायची. गाणाऱ्याने गायचं नाही, ओरडायचं. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत, एकमेकांच्या अंगावर उड्या मारायच्या. गाणं फारच आवडलं तर गाणाऱ्यावर थुंकायचं. "प्रेमानं थुंकते ते," असं मामा डोळ्यांत पाणी आणून सांगत. त्यांच्या स्टुडिओत बसणारे एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर होते, ते एकदा बाहेरच्या पानाने रंगलेल्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "म्हणजे आपलं नागपूर आधीपासूनच या लायनीत होतं म्हणायचं."

मास्तरांनी पंक या शब्दाचाही निकाल लावला होता. पंक म्हणजे चिखल, संस्कृत शब्द आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मामा चिडण्याऐवजी खूश झाले. "बराबर आहे गुरुजी, तिकडचे लोक त्यांले चिखलच समजत होते!" माझ्या आजेसासूबाईंनी, म्हणजे मामांच्या आईने, मात्र हा शब्द शेवटपर्यंत आपल्या पद्धतीनेच ऐकला. इंदोऱ्यातल्या त्यांच्या घराचे पत्रे उन्हाळ्यात तव्यासारखे तापत. मामा पंकाच्या आठवणीने व्याकूळ झाले की त्या पदराने वारा घेत म्हणायच्या, "दिवसभर पंखा पंखा करून राहिला, पण घरात एक पंखा तं आणला नाही बाप्पा यानं!"

त्या उन्हाळ्यातही मामा जाकीट काढत नसत. मे महिन्यात नागपुरात दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, तिथे मामा काळं चामडं पांघरून सायकलवरून जरीपटक्याच्या बाजारातल्या आपल्या स्टुडिओत जात. पोहोचेपर्यंत त्यांचा रंग वांग्यासारखा झालेला असे. कुणी काही म्हटलं की उत्तर तयार: "लंडनले तं आम्ही हेच घालून झोपत होतो." तिथे बर्फ पडतं आणि इथे उष्माघाताचे पेशंट पडतात, हा फरक त्यांना क्षुल्लक वाटे. जाकिटाला छातीवर ओळीने सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. ज्या पिनेने म्हणे इंग्लंडची एक पिढी बिघडली, ती पीन आमच्याकडच्या प्रत्येक बाईच्या बांगडीत पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत होती आणि तिच्यामुळे कुणी बिघडल्याचं ऐकिवात नव्हतं. उलट लग्नकार्यात कुणाचा पदर सुटला की बायका सरळ मामांकडे धावत आणि त्यांच्या छातीवरची एकेक पीन उपटून नेत. मामा कळवळून ओरडत, "अवं, त्या शोभेच्या नाहीत, विचाराच्या पिना आहेत!" त्यावर आजेसासूबाई म्हणत, "विचार मंग करजो. तिकडं नवरीचा पदर सुटून राहिला."

मामांच्या फोटोग्राफीविषयी मी बोलू नये, कारण माझ्या लग्नाचे फोटो त्यांनी काढले आहेत आणि माझं मत कलुषित असण्याचा संभव आहे. त्या अल्बमात मी आणि माझी बायको असे दोघं एकत्र कुठेही नाही. माझा डावा बूट आहे. भरल्या पानापुढे बसून झोपी गेलेले काका आहेत. वाढप्यावर खेकसणारे सासरे इतके जवळून घेतले आहेत की त्यांची सोन्याची दाढ मोजता येते. आमचं लग्न झालं हे उद्या कोर्टात सिद्ध करायची पाळी आली, तर त्या अल्बमावरून एवढंच सिद्ध होईल की अमुक दिवशी अमुक ठिकाणी पुष्कळ लोक त्रासलेले होते. मी भीतभीत तसं बोललो, तेव्हा मामा म्हणाले, "जवाई, ते खरे फोटो आहेत. खोटं हसणं मी काढतच नाही." हा त्यांचा लंडनचा बाणा होता. स्टुडिओत येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आधीच बजावत की हसायचं नाही. गिऱ्हाईक काकुळतीला येऊन म्हणे, "भाऊ, मी खरंच खूश आहो." "कायले?" असं मामा विचारत. तो बिचारा खूश असण्याचं कारण शोधू लागे, ते चटकन सापडत नसे, तोंड हळूहळू उतरत जाई, आणि ते पुरतं उतरलं की मामा बटन दाबत. जंगलखात्यात अर्ज करणाऱ्या एका पोराचा फोटो त्यांनी असा काढला होता की मुलाखतीत त्याला पहिलाच प्रश्न आला, "याआधी कोणत्या जंगलात लपले होते?" नोकरी त्याला मिळाली, हा भाग वेगळा. मामा त्याचं श्रेय फोटोला देत.

दर रविवारी सकाळी स्टुडिओत मामांचा दरबार भरे. त्याला ते 'सीन' म्हणत. लंडनला जसा सीन होता तसा नागपुरात व्हावा ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती, आणि या चळवळीचे नागपुरातले सभासद म्हणजे ते ड्रॉइंगमास्तर, शेजारचा पापडाचा दुकानदार आणि मी. मास्तरांना घरी सून बोलू देत नसे म्हणून ते येत. पापडवाला सिंधी भला माणूस होता, आणि त्याचं गिऱ्हाईक बाराच्या आधी फिरकत नसे. मला बायको पाठवी. आम्ही चहा घेऊन बसलो की मामा टेपरेकॉर्डर लावत. त्यातून जे बाहेर पडे त्याचं वर्णन करणं कठीण आहे. पत्र्याच्या छपरावरून कुणीतरी माणसांसकट भांडी ढकलून देत असावं, असं काहीसं. पहिल्या दिवशी पापडवाला धावत आत आला आणि म्हणाला, "साईं, टेप उलझ गई है." मामांनी शांतपणे सांगितलं, "उलझी नहीं, यही गाना है." पापडवाल्याने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "तो गाने को सुलझा दो ना, साईं."

हे गाणं गाणाऱ्या टोळीचं नाव फार घाणेरडं होतं. आईसमोर ते मामांनी कधी उच्चारलं नाही. गटाराशी संबंधित होतं एवढंच आम्हांला ठाऊक. टोळीतल्या दोघांशी मात्र आमचा इतका परिचय झाला होता की ते आमच्याच नात्यातले वाटू लागले होते. गाणारा ग्रॅहम, याचा तुरा हिरवा, आवाज रेल्वेच्या भोंग्यासारखा, आणि स्वभाव असा की पोलीस दिसला की हा आनंदाने त्याच्या अंगावर जाणार. दुसरा टेरी. तो ढोल वाजवी. टेरीची गोष्ट मामा नेहमी वर्तमानकाळात सांगत. टेरी असं करते, टेरी तसं म्हणते. टेरी ढोल इतका जोरात हाणते की पाय आत घुसते आणि मंग ढोल पायातच घालून घरी जाते. टेरी बटाट्याचे तळलेले काप आणते आणि अर्धे न विचारता मामांच्या पुढ्यात ठेवते. मामांच्या समोरच्या दाताचा एक टवका उडालेला होता. तोही म्हणे टेरीच्या ढोलापुढे नाचताना उडालेला. हे सगळं आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की मामांना खोकला आला तर मास्तर गोष्ट पुढे नेत. लंडनबद्दल मामा थापा मारतात, हे आम्हां तिघांचं ठाम मत होतं. पण थापा मारणारा माणूस एखाद वेळी तरी थाप बदलतो. मामा बदलत नसत. हे तेव्हा आमच्या लक्षात यायला हवं होतं.

आणि एका डिसेंबरात ग्रॅहमचं कार्ड आलं. जानेवारीत नागपूरला येतो आहे, दिल्लीच्या गाडीने. इंदोऱ्याच्या विहाराचं काम पाहायचं आहे, तुझीही भेट व्हावी.

विहाराचा उल्लेख मामांच्या डोक्यात शिरलाच नाही. ग्रॅहम येतो आहे! त्यांनी अख्ख्या बाजाराला कार्ड दाखवलं. पापडवाल्याने धास्तावून दुकानाबाहेरच्या काचेच्या बरण्या आत घेतल्या. मास्तरांनी विचारलं, "पोलिसाले आधीच सांगून ठेवायचं काय?" गाडी यायच्या दिवशी मामांनी जाकिटाला तेल लावलं, सगळ्या बायकांकडून पिना परत मिळवल्या आणि आजेसासूबाईंनी लाडवासाठी आणलेला डिंक पाण्यात कालवून केसांना फासला. चाळिशी ओलांडलेल्या मामांच्या डोक्यावर तुऱ्यापुरतेसुद्धा केस नव्हते. जे होते ते डिंकाने उभे राहिले खरे, पण कोंबड्याच्या तुऱ्याऐवजी अर्धवट सोललेल्या नारळाची शेंडी दिसू लागली. आजेसासूबाई फक्त म्हणाल्या, "लाडू आता कायचे करू? तुह्या डोक्याचे?"

स्टेशनवर मी त्यांच्यासोबत होतो. गाडी आली, माणसं उतरली, मामा टाचा उंच करून हिरवा तुरा शोधत होते. त्यांच्या अगदी पुढ्यात एक गोरा गृहस्थ येऊन उभा राहिला. डोकं तुळतुळीत भादरलेलं, जाड चष्मा, पांढरा सदरा, खांद्याला शबनम पिशवी. मामांनी त्याला "जरा बाजूले व्हा" अशी खूण केली. त्याने मामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, शेंडी पाहिली, पिना पाहिल्या, आणि हात जोडून अगदी हळू आवाजात म्हणाला, "नागपूर?"

मामांना तिकडे नागपूर म्हणत असत हे आम्ही ऐकलं होतं. तीही थाप नव्हती तर. मामांनी त्याला मिठी मारली, आणि मिठी मारल्यावर दोन पिना त्याच्या सदऱ्यात अडकल्या. त्या सोडवताना मामा पुन्हापुन्हा त्याच्या डोक्याकडे पाहत होते.

स्टुडिओत दरबार वाट पाहत होता, आजेसासूबाईही येऊन बसल्या होत्या. ग्रॅहम चटईवर मांडी घालून बसला. चहा नको म्हणाला. पोटाला सोसत नाही. जिना चढून आल्याने धाप लागली होती. आपण बौद्ध झालो आहोत, लंडनच्या विहारात पोरांना ध्यान शिकवतो, नागपुरात एवढ्या माणसांनी एकत्र दीक्षा घेतली ते ठिकाण पाहायची फार वर्षांची इच्छा होती, असं तो सांगत होता. मास्तर भाषांतर करत होते. छप्पन साली त्या गर्दीत सगळा दिवस उभ्या असलेल्या आजेसासूबाईंना हे ऐकून इतका आनंद झाला की त्या त्याच्या जवळ सरकून बसल्या. मामांचा चेहरा मात्र बस चुकलेल्या माणसासारखा होत चालला होता. ते म्हणाले, "ते जाऊ दे. यांले एक गाणं ऐकव. तुरा नसला तरी चालते. एकदा ओरडून दाखव."

ग्रॅहम हसला. ते सगळं सुटलं, म्हणाला. मग फारच आग्रह झाला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि पाली वंदना म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच भोंग्यासारख्या आवाजाला खाली बसवून. आजेसासूबाईही हात जोडून बरोबर म्हणत होत्या. पापडवाला बाहेरून ऐकत होता. "हां," तो म्हणाला, "अब सुलझ गया."

नागपूरचा माणूस लंडनच्या गोंगाटासाठी झुरत होता आणि लंडनचा माणूस नागपूरच्या शांततेसाठी इतका लांब आला होता. मला हसू येत होतं. घरी गेल्यावर बायकोला हे कसं रंगवून सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात मामांनी विचारलं, "टेरी काय करून राहिला? त्याले काहून नाही आणलं?"

घाईत मामांनी हेही मराठीतच विचारलं. ग्रॅहमला त्यातला 'टेरी' एवढाच शब्द कळला असणार. त्याने शबनम पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "तुला कुणी कळवलं नाही?"

मामा परतल्यानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात टेरी गेला होता. नशेच्या इंजेक्शनाने. आमच्या चहाबरोबर दर रविवारी ढोलात पाय घालून घरी जाणारा तो पोरगा, त्या सगळ्या रविवारी या जगात नव्हताच.

मास्तरांनी भाषांतर थांबवलं. आजेसासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय म्हणाला? कुणी सांगेना. ग्रॅहम हळूहळू बोलत राहिला, मामांकडे न पाहता, आमच्याकडे पाहून. एका संध्याकाळी बसच्या थांब्यावर चार-पाच गोऱ्या पोरांनी मामांना गाठलं होतं. तुझ्या देशात परत जा म्हणून तुडवलं होतं. दात तिथे तुटला. माणसं बाजूने जात होती. टेरीने त्यांना उचलून आपल्या खोलीवर नेलं, आपला बिछाना दिला, आणि पुढे मामा लंडनमध्ये होते तोवर तिथेच राहिले. टेरी जमिनीवर झोपत असे. शेवटीशेवटी, फार वाईट दिवस होते तेव्हा, तो विचारायचा की नागपूर परत कधी येणार.

"नाचताना तुटला होता," असं मामा दाताला हात लावून म्हणाले. एकदाच म्हणाले.

ग्रॅहम चार दिवस राहिला. आजेसासूबाईंनी त्याला ज्वारीची भाकर आणि बिनतिखटाचं वरण खाऊ घातलं, दीक्षाभूमीवर स्वतः घेऊन गेल्या. मामा त्याच्यासोबत सगळीकडे फिरले. न विचारता त्याचे फोटो काढले, आणि नवल म्हणजे त्यांतल्या एकातही बूट किंवा दाढ नव्हती. जाकीट त्यांनी घातलं होतं, पण जानेवारी असल्यामुळे ते कुणाच्या डोळ्यावर येत नव्हतं.

त्याला पोहोचवायलाही मी गेलो होतो. खरं तर माझं काम नव्हतं, पण बायको म्हणाली, मामांना एकटं सोडू नका. दुपारची वेळ होती. गाडी गेली. मामा फलाटावरच्या बाकावर बसले, म्हणून मीही बसलो. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "चांगला माणूस आहे."

"चांगला आहे," मामा म्हणाले. मग गाडी गेली त्या दिशेला पाहत म्हणाले, "जवाई, तुमाले एक सांगू? तुम्ही सगळे मले हसता, ते मले माहीत आहे. हसा. पण इथी मी कोणाचे फोटो काढाले गेलो तं लोक पहिले आडनाव विचारते. मंग पाणी कोणत्या गिलासात द्यायचं ते ठरवते. तिकडच्या लोकांनी कातडं पाहिलं आन्‌ मारलं. तेही काही सोनं नव्हतं, खोटं काहून बोलू. पण त्या तळघरात मी पहिल्या दिवशी गेलो ना, तं टेरीनं विचारलं, तू कोण? मी म्हटलं, नागपूरचा. तो म्हणे, बस, मंग तू नागपूर. त्याच्या पुढचं विचारलंच नाही गा त्यानं. कधीच नाही. दीड वर्ष मी आडनावाशिवाय राहिलो."

 बोलण्यासारखं माझ्याकडेही होतं, पण ते कधी बोललेलं नव्हतं.

मामांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहत म्हणाले, "तुमचं काय चालू आहे, जवाई?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं. इतके वर्षं झाले, मीच बोलून राहिलो. तुमचं काही विचारलंच नाही मी."

कचेरी, प्रताप नगरात घेतलेला प्लॉट, पोरांच्या परीक्षा असं सांगून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी मला कचेरीतला माझा पहिला दिवस आठवला. साहेबांनी माझं नाव अर्धं लिहिलेलं पाहून कागद परत दिला होता, पूर्ण लिहा म्हणाले होते, आणि पूर्ण लिहिल्यावर नुसतं "अच्छा" म्हणाले होते. त्या "अच्छा"बद्दल मी कुणाकडे बोललो नव्हतो. बायकोकडेही नाही. ते मी मामांना सांगू लागलो. मला मामांसारखं सांगता येत नव्हतं. मी अडखळत होतो, मागेपुढे जात होतो. मध्येच दुसरी गाडी लागली, हमालांची धावपळ झाली, फेरीवाले संत्र्यांच्या टोपल्या घेऊन खिडक्यांशी ओरडले, आणि ती गाडीही निघून गेली. मामा तसेच बसले होते, माझ्याकडे तोंड करून, ऐकत.